चि. सानिकास, व्हाइटफेसहून परतल्यावर

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही काल रात्री आल्बनीला सुखरूप पोचलो. तू संघाबरोबर लेक प्लॅसिडलाच राहिलीस ते योग्य झाले, आणि शनिवारच्या स्की शर्यतीचा विषय फोनवर पुन्हा काढायचा नाही असे मी ठरवले आहे. म्हणूनच लिहिते आहे. डोके दुखते का? उजेडाचा त्रास होतो का? एवढेच विचारायचे होते.

रविवारी तू पडलीस तेव्हा मी तुझ्यापासून वीसेक पावलांवर उभी होते. गेट-जज म्हणून, म्हणजे प्रत्येक स्पर्धक गेटच्या खांबांमधून नीट गेला का ते पाहायला, उभे राहणारे पालक नेहमीच कमी पडतात, म्हणून मी नाव दिले, आणि नेमकी मधल्या तीव्र उतारावरची गेट माझ्या वाट्याला आली. निळ्या गेटला खांदा घासून तू असे वळण घेतलेस की शेजारचा कोचही ‘वा’ म्हणाला. पुढच्या लाल गेटवर, टणक बर्फात, बाहेरच्या स्कीची धार सुटली. तू कुशीवर आपटलीस, एक स्की बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमधून निसटली आणि तू थेट जाळीत गेलीस. स्की पट्रोलची, म्हणजे उतारावरच्या बचावपथकाची, माणसे धावली. मी मात्र तुझा छातीवरचा बिब क्रमांक आणि गेटचा क्रमांक कार्डावर लिहिला, तू कुठून कशी घसरलीस त्याचे रेखाचित्र काढले, कारण त्या जागेवर माझे काम तेच होते. तू उठून हात वर केलास आणि सगळ्यांना हायसे वाटले. मला वाटले नाही. भाऊमामाही स्कूटरवरून पडल्यावर कपडे झटकून उठला होता, वर चहाही प्यायला होता.

तो विषय आता पुरे.

सकाळी शर्यतीच्या मार्गाच्या पाहणीच्या वेळी तू डोळे मिटून, हाताने हवेत एकेक वळण घेत उभी होतीस, ते मी लांबून पाहिले. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये लिक्टेनस्टाइनच्या हानी वेंझेलने स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणांच्या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके याच व्हाइटफेस डोंगरावर जिंकली, हे तूच मला सांगितले होतेस. साताऱ्याच्या आजीला अजून वाटते की तिने विणलेले जाड मोजे तू शर्यतीत घालतेस; स्की बूट इतके घट्ट असतात की आत पातळ मोजाच चालतो, हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या रनमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, तू आठवी आलीस हे तिला फोनवर सांगितले, तेव्हा तिने आधी विचारले, ‘थंडी फार होती का?’ आणि मग शेजारच्या काकूंना हाका मारल्या. पडल्याचे तिला सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.

अमेरिकन स्कीपटू मिकाएला शिफ्रिनचे उदाहरण तुला आवडते, तर तेच पूर्ण घे. नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टनच्या विश्वचषक शर्यतीत पहिल्या रननंतर ती आघाडीवर होती, दुसऱ्यात पडली आणि पोटाला खोल जखम झाली. त्यानंतर दोन महिने ती शर्यतीत उतरली नाही. विश्वचषकातला शंभरावा विजय त्यानंतर, फेब्रुवारीत, इटलीतल्या सेस्त्रिएरेला मिळाला. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय असला तरी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरायचे नाही, हा नियम तुम्हा मुलांना अडवण्यासाठी केलेला नाही. डोक्याच्या दुखापतीची लक्षणे कधी कधी तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात, आणि पहिली बरी होण्याआधी दुसरा आघात झाला तर तो फार महागात पडतो. चौदाव्या वर्षी एका शनिवारचे मोल ते किती?

रागावू नकोस. डोंगरावरून तुला सोडायला येताना गाडीतही मी हेच बोलत राहिले आणि तू खिडकीकडे तोंड केलेस, ते मला दिसत होते. उपदेश करायला बसले नव्हते, लिहिता लिहिता तिकडेच गेले. त्याबद्दल क्षमा कर. पण रात्री मळमळले, शब्द आठवेनासा झाला, तर कोचला उठव. मध्यरात्र असली तरी उठव.

बुधवारी दुपारी बाबा तुला डॉक्टरांकडे नेण्यासाठी येतील. येताना ते नवे हेल्मेट आणतील. जुन्यावर उजव्या कानामागे चीर आहे, ते पुन्हा डोक्यावर चढवायचे नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर शनिवारी आम्ही सगळे शर्यतीला गोर माउंटनला येऊ. मी तिथेही गेट-जज म्हणून नाव दिले आहे, मात्र या वेळी फिनिशजवळची गेट मागितली आहेत.

तुझी,
आई