या सुट्टीत मी येत नाहीये

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा विषय बदलला. आई, तू दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगत होतीस आणि मी नुसती ‘हो, हो’ म्हणत राहिले. म्हणून हे पत्र. मी या सुट्टीत येत नाहीये. परीक्षा संपली की लगेच पुढच्या सोमवारी माझी समर इंटर्नशिप सुरू होते, आठ आठवड्यांची. होकार कळवून झालाय, सहीही करून झालीय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा पोचतोय आणि दहा दिवस राहतोय. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. पहिल्या डोळ्याच्या वेळी झालं तसं या वेळी होणार नाही, आई. तू एकटी रिक्षात बसून घरी आलीस हे मला नंतर कळलं, ते अजून मनातून जात नाही.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. ‘हे काम कोणाच्या ओळखीने मिळालं?’ खरं तेच सांगते. ओळखीने कळलं. मिळालं मात्र तीन मुलाखती देऊन, आणि तिसरी दोन तास चालली होती.

आपण कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, हे ऐकतच मी मोठी झाले. तुमच्या बदलीच्या वेळी एका फोनने काम झालं असतं, तो तुम्ही केला नाहीत. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. त्यामुळे इथे एमबीएला आल्यावर पहिल्याच आठवड्यात जो तो ‘नेटवर्किंग’, म्हणजे कामाच्या ओळखी वाढवणं, म्हणायला लागला, तेव्हा मला ते वशिल्याचंच गोंडस नाव वाटलं. माजी विद्यार्थ्यांबरोबरच्या पहिल्या संध्याकाळी मी पाण्याचा ग्लास धरून चाळीस मिनिटं भिंतीपाशी उभी होते. गळ्यातलं नावाचं कार्ड उलटं झालं होतं. ते मी मुद्दाम तसंच ठेवलं, कोणी नावाने हाक मारायला नको म्हणून. खोलीवर आले आणि रडले. एवढी चांगली नोकरी सोडून, एवढं कर्ज डोक्यावर घेऊन आपण इथे काय करतोय, असं वाटलं.

मग एका सीनियर मुलीने मला बसवून समजावलं. म्हणाली, ‘तू मागायला चाललीयेस असं समजतेस म्हणून तुला लाज वाटते. काही मागूच नकोस. त्यांच्या कामाबद्दल विचार. वीस मिनिटं मागितलीस तर विसाव्या मिनिटाला ऊठ.’ पुढच्या वेळी मी एकाच माणसाशी बोलले. सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर तुम्ही पहिलं काय करता, एवढंच विचारलं. ते गृहस्थ भरभरून बोलले. तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. ज्या दिवशी भेट होते त्याच रात्री तीन ओळी लिहायच्या: कोण भेटलं, काय सांगितलं, आणि मी त्यांना काय पाठवायचं कबूल केलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पाठवायचंच.

आणि परवा ती वही चाळताना एकदम तुमची फोनची डायरी आठवली, बाबा. निळ्या कव्हरची, माझ्या हातून पाणी सांडलेली. प्रत्येक नंबरापुढे तुमच्या बारीक अक्षरात काहीतरी असायचं. ‘मुलगी दहावीला.’ ‘वडील आजारी, विचारणे.’ तुम्ही कुणाकडे काही मागितलं नाहीत, पण विचारपूस कधी चुकवली नाहीत. मी इथे दुसरं काही करत नाहीये.

तुम्हाला दाखला लागतो म्हणून एक वर्गात शिकलेली गोष्ट सांगते. ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. नोकरी बदललेल्या लोकांपैकी ज्यांना ती ओळखीतून कळली, त्यांना त्याने विचारलं की त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटायचात? नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलेले शंभरात जेमतेम १७ निघाले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितलं होतं. कारण अगदी साधं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं; नवी बातमी लांबून येते. २०२२ मध्ये संशोधकांनी लिंक्डइन या कामाच्या ओळखींच्या वेबसाइटवरच्या सुमारे दोन कोटी लोकांची माहिती तपासली, तेव्हाही साधारण तेच दिसलं. फक्त एवढी भर पडली की ओळख अगदीच नावापुरती असून चालत नाही. माझंही तसंच झालं. दुसऱ्या सेक्शनमधला एक मुलगा प्रिंटरच्या रांगेत दोनदा भेटला होता. वर्गात चर्चेला दिलेल्या एका कंपनीच्या प्रकरणातला, म्हणजे ‘केस’मधला, त्याचा गुंता मी सोडवून दिला. महिन्याभराने त्याचा मेसेज आला, ‘माझ्या जुन्या ऑफिसात एक जागा आहे, अर्ज कर.’ बस्स, एवढीच ओळख.

आता जरा अवघड आहे ते. टर्मच्या शेवटी स्टडी ग्रुपमधले सगळे एकमेकांबद्दल नाव न घालता लिहितात. माझ्याबद्दल पाचपैकी तिघांनी लिहिलं होतं की ही निर्णय घेऊन मोकळी होते आणि मग आम्हाला विचारते. फार लागलं. दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मग आठवलं, आई, तू हेच सांगत आलीयेस, पार सायकलच्या वेळेपासून. तेव्हापासून वर्गात हात वर करण्याआधी मी शेजारच्याचं ऐकून घ्यायला शिकतेय. इथे अर्ध्याहून जास्त शिक्षण केस चर्चेतून होतं. सर अचानक कोणाकडेही बोट दाखवतात, आणि आपण दुसऱ्याचं ऐकलेलं नसलं की ते लगेच उघडं पडतं. तिथे मी सुधारतेय. घरी मात्र पुन्हा तीच चूक केली. निर्णय बदलणार नाही, पण विचारायला हवं होतं हे मनापासून मान्य आहे. चुकले.

माझी काळजी करू नका. खोलीत ऊन येतं, गादी चांगली आहे, पाठ दुखत नाही. जेवण वेळेवर होतं, झोप परीक्षा सोडल्यास सहा तास. आजारी पडले तेव्हा ग्रुपमधल्या मुली रात्रभर आळीपाळीने बसल्या होत्या. हे तेव्हा सांगितलं नव्हतं, रागावू नका. ताप साधाच होता. फक्त आई, कपाळावर तुझा हात नव्हता. एकतीस वर्षांची झाले तरी तापात तोच लागतो.

आता दोघांनी नीट ऐका. आई, थेंबांच्या वेळा दादा कपाटाच्या दारावर लावेल. दोन वेगळ्या औषधांच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री कवच लावूनच झोपायचं. बादली उचलायची नाही, आणि ‘एवढीशीच तर होती’ हे मला ऐकवायचं नाही. डोळा लाल झाला, दुखणं वाढलं किंवा कमी दिसायला लागलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. बाबा, बीपीची गोळी रोज घ्यायची, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. हप्त्याची चिंता तुम्ही करायची नाही, कर्ज माझ्या नावावर आहे. आणि शेजारच्या काकांना ऑपरेशनच्या दिवशी बरोबर यायला सांगा. संकोच करू नका. त्यांच्या वडिलांच्या वेळी तुम्ही दवाखान्यात चार रात्री बसला होतात, ते त्यांना विचारलेलं आवडेल.

आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी काम संपतं. शनिवारी सकाळी मी दारात असेन. हे मात्र तुम्हाला विचारून ठरवते, चालेल ना?

आई, पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा तू म्हणाली होतीस, पडदे एवढे निळे आहेत हे मी विसरूनच गेले होते. या वेळी पहिलं काय दिसलं ते मला लिहून पाठव. फोनवर घाईघाईत नको. तुझ्या अक्षरात.

तुमची,
छोटी