पर्वरीचा फ्लॅट दुसऱ्याच्या हाती सोपवताना

फोंडा, गोवा

चि. सौ. बाय हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू पर्वरीच्या फ्लॅटचा विषय काढलास, तेव्हा भोवती माणसे होती म्हणून मी मोजकेच बोलले. फ्लॅटची देखभाल आता एखाद्या व्यवस्थापकाकडे द्यावी, म्हणजे माझी फोंड्याहून होणारी ये-जा थांबेल, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. तिसऱ्या मजल्याचे जिने आता गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि तू मस्कतला बसून नळ गळतो की नाही हे पाहू शकत नाहीस. तू कळवलेल्या दोघांपैकी एक जण भाड्याच्या आठ टक्के मागतो आणि दुसरा पाच, तर कोणाला नेमावे, असे तू विचारलेस. त्या टक्क्यांआधी आपण त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरायची ते ठरले पाहिजे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

म्हापशाचे घर आम्ही काही वर्षे एका व्यवस्थापकाकडे दिले होते, तेव्हा तू शिक्षणासाठी बाहेर होतीस. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे जमा होत असे, एकदाही उशीर झाला नाही, आणि भाडे वेळेवर येते म्हणजे घर सुखरूप आहे असे तुझे बाबा आणि मी धरून चाललो. दोन वर्षांनी मी आत पाऊल ठेवले तेव्हा मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर सहज बोट टेकवले, तर रंगाचा पापुद्रा आत गेला आणि त्यामागे लाकूडच नव्हते, वाळवीने केलेली पोकळी होती. कपाट सरकवले तर भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत ओली. भाडेकरूने आपल्या फोनमधले संदेश मला दाखवले. कौलांतून पाणी येते हे त्याने पहिल्या पावसाळ्यातच तीन वेळा व्यवस्थापकाला कळवले होते, आणि त्यातले एक अक्षरही आमच्या कानावर आले नव्हते. त्या माणसाने आमचा एक पैसाही खाल्ला नाही, हे मी आजही सांगेन. त्याने बातमी दाबून ठेवली, आणि चार फुटलेली कौले बदलून भागले असते तिथे आम्हाला वासे आणि चौकटी बदलाव्या लागल्या.

म्हणून बाय, माझी पहिली अपेक्षा अशी की घरात जे बिघडेल ते तू विचारण्याआधी तुला कळले पाहिजे. वर्षातून दोनदा तरी त्याने भाडेकरूला आधी सांगून फ्लॅट आतून पाहावा. पहिली खेप मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि दुसरी चतुर्थीनंतर पाऊस ओसरल्यावर. आपला फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे गच्चीवरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पाला अडकला आहे का, पश्चिमेच्या खिडक्यांखाली ओल उतरली आहे का, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली वाळवीची मातीची रेघ दिसते का, गॅलरीच्या लोखंडी गजांना गंज धरला आहे का, एवढे त्याने दर वेळी पाहायचे आणि प्रत्येक जागेचा फोटो त्याच कोनातून काढून तारखेसह पाठवायचा. मागच्या वर्षीचा आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवले की ओल किती वाढली ते तुला मस्कतमध्येही दिसेल. नुसते ‘सगळे ठीक आहे’ असे लिहून आले, तर ते पुरेसे मानू नकोस.

दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा करारातच लिहून घे. मला पाच हजार रुपये योग्य वाटतात. त्याच्या आतले काम त्याने न विचारता करावे, त्यापुढच्या कामासाठी दोन ठिकाणचे दर मागवून तुझी लेखी संमती घ्यावी, आणि नळ फुटला किंवा विजेचा धक्का बसू लागला तर आधी काम करावे व त्याच दिवशी कळवावे. प्लंबर, सुतार, रंगारी त्याच्या ओळखीचे असणार, त्यात वावगे काही नाही. मात्र कामाच्या बिलात त्याचा स्वतःचा वाटा असेल तर तो त्याने उघड सांगितला पाहिजे.

पैशांविषयी मी जरा कडक बोलणार आहे, कारण वीज खात्याच्या हिशेब शाखेत माझे सारे आयुष्य गेले. भाडे आणि अनामत या दोन्ही रकमा भाडेकरूने थेट तुझ्या अनिवासी खात्यात भराव्यात, आणि व्यवस्थापकाचा मोबदला तू त्याला वेगळा द्यावास. ‘भाडे माझ्याकडे येऊ द्या, माझे कापून उरलेले पाठवतो’ ही पद्धत सोयीची दिसते, पण तिच्यात कोणत्या महिन्यात काय कापले गेले याचा माग पुढे लागत नाही. तू परदेशी राहतेस, म्हणून तुला भाडे देणाऱ्याने ते देतानाच ३० टक्के कर आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते. करार करतानाच त्याला हे समजावून सांगणे, कर भरला गेला का ते पाहणे आणि करकपातीचे प्रमाणपत्र वेळेवर मिळवून तुझ्याकडे पाठवणे, हे व्यवस्थापकाचे काम आहे. ते हाती असले की विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मागणे सोपे जाते. घरपट्टी वजा केल्यावर उरणाऱ्या भाड्याच्या ३० टक्के रक्कम दुरुस्तीपोटी वजावट म्हणून मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो.

दर महिन्याला एका पानाचा हिशेब यावा. भाडे कोणत्या तारखेला जमा झाले, सोसायटीचा देखभाल खर्च भरला का, विजेचे आणि पाण्याचे बिल कोणी भरले, पंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती कुठे आहे, इतकेच त्यात हवे. विजेची जोडणी तुझ्या नावावर आहे. भाडेकरू बिल थकवून निघून गेला, तर वीज खाते त्याला शोधत बसत नाही, तुझी जोडणी तोडते. माझ्या टेबलापुढे असे कितीतरी मालक रडकुंडीला येऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

भाडेकरू निवडताना व्यवस्थापकाने माणूस आणि कागद दोन्ही तपासावेत. नोकरीच्या ठिकाणाची खात्री, आधीच्या घरमालकाशी बोलणे, आणि पर्वरी पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज देऊन त्याची पोच घेणे, यांपैकी काहीही ‘नंतर करू’ म्हणून राहता कामा नये. करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी त्याने तुला आठवण करून दिली पाहिजे. पर्यटकांना दिवसावारी खोल्या देण्याचा मोह तुला कोणीतरी घालेलच. त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीतली शेजारीपाजारी मंडळी रोज नवी माणसे जिन्यात पाहून वैतागतात. मला ते मुळीच पसंत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये भाडेकराराचा एक आदर्श कायदा तयार केला. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण व्यवस्थापकाची कामे त्यात नेमकी मांडली आहेत: पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्ती करणे, जागेची वेळोवेळी पाहणी करणे, भाडेकरूला नोटिसा देणे आणि दोघांमधले वाद मिटवायला मदत करणे. त्याच कायद्यात असेही आहे की जागेत जाण्यापूर्वी भाडेकरूला किमान २४ तास आधी कळवावे, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर जाऊ नये. हे कलम तू आपल्या करारात जसेच्या तसे घालावेस, असा माझा आग्रह आहे. सध्या तिथे राहणाऱ्या दोघी मुली बांबोळीच्या इस्पितळात परिचारिका आहेत. रात्रपाळी करून आल्यावर त्या दुपारी झोपतात. कोणीतरी स्वतःजवळच्या चावीने दार उघडून आत आले, तर त्यांना काय वाटेल? तुझा व्यवस्थापक त्यांच्याशी ज्या शब्दांत बोलेल, ते शब्द त्या तुझेच समजतील.

मुखत्यारपत्र, म्हणजे तुझ्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, मात्र फार विचाराने दे. करारावर सही करणे, पोलीस ठाण्यात व पंचायतीत अर्ज देणे, बिले भरणे, एवढेच अधिकार त्यात एकेक करून लिहावेत, आणि विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार दिलेला नाही हे स्पष्ट शब्दांत नोंदवावे. गोव्यात मालक परदेशी, घर बंद, आणि बनावट कागदांवर जमीन तिसऱ्याच्याच नावे, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. छापील नमुन्यावर ‘सर्व अधिकार’ असे दोन शब्द असतात, आणि घाईत माणूस त्याखाली सही करून मोकळा होतो. तिथल्या आपल्या दूतावासात ते साक्षांकित करून घे. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ते मी पणजीला जाऊन भरीन.

आता आठ आणि पाच टक्क्यांविषयी. पाच टक्केवाल्याला मी फोन केला होता. पाहणी कधी करता, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘तक्रार आली की जातो.’ आठ टक्केवाल्याने मला त्याच्या दुसऱ्या एका मालकाला पाठवलेला हिशेब, नाव झाकून, दाखवला, आणि त्यात शंभर रुपयांच्या वॉशरचीही पावती जोडलेली होती. माझे मत या आठ टक्केवाल्याकडे झुकते. पण भाडेकरू आणून देण्यासाठी तो एक महिन्याचे भाडे वेगळे घेतो का, तोच भाडेकरू पुढच्या अकरा महिन्यांसाठी राहिला तरी ते पुन्हा मागतो का, फ्लॅट रिकामा असताना काही आकारतो का, आणि एक महिन्याच्या नोटिशीने तुला त्याला मोकळे करता येते का, ही उत्तरे त्याच्याकडून लेखी घे. काम सुटल्यावर चाव्या, मूळ करार आणि सगळ्या पावत्या सात दिवसांत परत, हेही त्यात असू दे.

मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. पुढच्या आठवड्यात मी त्याला घेऊन एकदा फ्लॅटवर जाईन, परिचारिका मुलींना तसे आजच कळवते. पाऊस लागण्याआधी गच्चीच्या नळ्या साफ करून घ्यायच्या आहेत, त्या तो कशा करून घेतो तेही पाहीन.

जावईबापूंना आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

तुझी,
आई