मृत्यूचा दाखला : नोंद कुठे, हे आधी सांगा

महोदय,
सीमाभागातली माणसं उपचारासाठी बेळगावला जातात, तशीच मिरज, कोल्हापूर आणि गोव्यालाही. तिथे मृत्यू झाला की अंत्यसंस्कार गावी होतात आणि घरचे दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत जातात. पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. खानापूरचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात वारला तर दाखला महाराष्ट्रातून आणावा लागतो. हे दुःखात असलेल्या घराला कुणीच वेळेवर सांगत नाही, याची चीड येते.

दवाखान्यातला मृत्यू कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी मृत्यू झाला तर कुटुंबाने २१ दिवसांत नोंद करावी. तोवर शुल्क लागत नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे शेतमजुराचे किती रोज बुडाले ते मोजायलाच नको. त्या दाखल्याशिवाय उताऱ्यावर वारसांची नावं चढत नाहीत, विधवेचं पेन्शनही अडतं.

२०२३ च्या दुरुस्तीनुसार नोंदीनंतर सात दिवसांत माहिती देणाऱ्याला दाखला मोफत द्यायचा आहे. तो मागून घ्या, आणि नाव आधार कार्डाशी तिथेच ताडून पाहा.

दवाखान्यांनी मृतदेह सोपवतानाच नोंदणी कार्यालयाचा पत्ता लिहून द्यावा. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत हे नियम कन्नडबरोबर मराठीतही फलकावर लावावेत, ही जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर तालुका