छपाई फोडण्याआधी आतली वीट पाहावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाणखान्यात विटांची उघडी भिंत असावी, ही हौस आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या फ्लॅटपर्यंत पोहोचली आहे. मीही मागच्या वर्षी दिवाळीआधी हॉलच्या एका भिंतीची छपाई, म्हणजे सिमेंटचा गिलावा, काढायला मिस्त्री लावला, आणि यंदाचा पावसाळा सरताच ती भिंत पुन्हा झाकून घेतली.

छपाईखाली देखणी वीट असणारच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात जी भिंत झाकली जाणार हे ठरलेले असते, तिच्यात मिस्त्री अद्धे-पाऊण तुकडे आणि कमी-जास्त भाजलेल्या विटा सरसकट लावतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. माझ्या भिंतीत लाल विटांच्या मधेच राखेच्या करड्या विटांचे तीन थर निघाले. औष्णिक वीज केंद्रांजवळच्या वीटनिर्मितीत तिथल्या कोळशाची राख वापरण्याचे बंधन केंद्र सरकारने १९९९ मध्ये घातले, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रे तर आपल्याच भागात आहेत. तेव्हा अलीकडच्या इमारतीत करडी वीट निघाली तर नवल नाही.

त्याहून मोठा घोळ छिन्नीने केला. सिमेंटची छपाई विटेला इतकी धरून बसते की ती काढताना विटेची भट्टीत कडक झालेली सालही सोबत निघते, आतला मऊ भाग उघडा पडतो आणि नुसता हात लागला तरी तांबडी भुकटी गळते. भुकटी थांबावी म्हणून वार्निश मारले. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून आलेल्या ओलीला मग वाट उरली नाही, विटेतले क्षार वर येऊन लोणा धरला आणि वार्निशचे पापुद्रे सुटले. भिंत चार इंची असल्याने हादऱ्यांनी पलीकडच्या ओट्यामागच्या टाइल्स सुटल्या आणि आतला वायरिंगचा पाइपही फुटला, ते वेगळेच.

मूळ गावी छपाई नसलेली भिंत म्हणजे पैसे संपल्याची खूण. घरकुलाच्या अनुदानात भिंती कशाबशा उभ्या राहतात आणि छपाई पुढच्या कापसावर ढकलली जाते. पैसे देऊन छपाई काढून घेतली, हे आईला अजूनही पटलेले नाही.

उघड्या विटेला माझा विरोध नाही. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती विनागिलाव्याच्या विटांत बांधल्या. पण तिथे वीट दिसणार हे धरूनच काम झाले होते. नवे घर बांधणाऱ्यांनी हे मिस्त्रीला पायाच्या वेळीच सांगावे, म्हणजे तो विटा निवडून लावील आणि विटांमधल्या सांध्यांच्या दरजा नीट भरील. तयार फ्लॅटमध्ये मात्र आधी कपाटाआड वीतभर जागा उकरून पाहावी, आणि आत तुकडे किंवा करडी वीट दिसली तर तेवढी जागा बुजवून विटेच्या चपट्या टाइल्स लावून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, जि. वर्धा