लाल शाई, काळी शाई आणि बर्डीवरचा शुक्रवार

संपादक महोदय,

‘ब्लॅक फ्रायडे’ या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सेलच्या नावामागची शाईची गोष्ट आपल्या पुरवणीत वाचली. वर्षभर तोट्यात, म्हणजे लाल शाईत असलेली अमेरिकी दुकानं त्या शुक्रवारी नफ्यात, काळ्या शाईत येतात म्हणे. नागपूरच्या इतवारीतल्या एका कापडाच्या पेढीवर मी ३४ वर्षं रोजमेळ आणि खतावणी लिहिली. नोव्हेंबर सरेपर्यंत ज्याला नफा दिसत नाही, तो व्यापारी दुसरी दिवाळी बघत नाही. शिवाय लाल रंग आमच्याकडे अशुभ कधीपासून झाला? लक्ष्मीपूजनाची वहीच लाल कापडाची असते.

खरी गोष्ट पोलिसांची आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. १९५०-६० च्या काळात दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात आजूबाजूच्या गावांतून खरेदीला झुंबड उडायची, त्यात शनिवारच्या लष्कर विरुद्ध नौदल फुटबॉल सामन्याचे प्रेक्षक. पोलिसांना सुटी नाही, वर जादा ड्युटी. त्यांनी वैतागून त्या दिवसाला ‘काळा’ म्हटलं. दुकानदारांना ते झोंबलं. १९६१ च्या सुमारास त्यांनी ‘बिग फ्रायडे’ हे नाव चालवून पाहिलं, पण कुणी ते उचललं नाही. शाईची गोष्ट १९८० च्या दशकात पुढे आली.

कॅनडात हा सण ऑक्टोबरातच उरकतो. पण २००७ च्या सुमारास तिथला डॉलर अमेरिकेच्या बरोबरीला आला, गिऱ्हाईक सरहद्दीपलीकडे जाऊ लागलं आणि तिथल्या दुकानांनाही तोच शुक्रवार धरावा लागला. हे मला लगेच पटलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-सिवनीची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला इतवारीत यायची, तेव्हा तिकडच्या दुकानदारांना काय वाटत असेल, हे आम्हाला कळायचं. ब्रिटनमध्ये तर थँक्सगिव्हिंगच नाही. तिथे २०१० मध्ये अॅमेझॉनने आणि २०१३ मध्ये तेव्हा वॉलमार्टच्या मालकीच्या अॅस्डा या दुकानसाखळीने हा सेल नेला. मेक्सिकोने मात्र २०११ मध्ये स्वतःचं नाव दिलं, ‘एल बुएन फिन’, म्हणजे ‘चांगला वीकेंड’, आणि २० नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाला तो जोडला.

आपल्याला असा स्वतःचा मुहूर्त का सुचू नये? तो शुक्रवार तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किंवा त्यानंतर काही आठवड्यांतच येतो. तिकडे त्या दिवशी नाताळची खरेदी सुरू होते, इकडे बस्त्याची. मंदी असते ती पितृपक्षात. सेल लावायचाच तर तेव्हा लावा.

परवा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्वेटर घ्यायला गेलो. “घ्या न काकाजी, ब्लॅक फ्रायडे आहे न!” पोरगा म्हणाला. मी म्हटलं, “बाबू, आज मंगळवार.” तो हसला. किमतीच्या स्टिकरखाली आणखी एक स्टिकर होतं, ते मी नखाने खरवडलं. वर बाराशे, खाली आठशे आणि ‘सवलतीत’ नऊशे. थंडी होती, घेतलं.

शाईची दुरुस्ती तेवढी पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
इतवारी, नागपूर