आधी मालक बघ, मग परवानगी

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाबांचा आवाज चढलेला आणि तुझा एकदम बारीक, तेव्हाच ओळखलं की काँप्युटरवर काहीतरी नवीन बसवलं गेलंय. इथे बाळ मांडीवर रडत असताना तुला नीट सांगता येईना, म्हणून आता सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय. ताई बरी आहे. बाळ रात्री जागतं आणि दिवसा झोपतं, अगदी तुझ्यासारखं.

उबुंटू (विंडोजसारखीच, काँप्युटर चालवणारी सिस्टिम) नव्याने टाकलंस ते बरंच केलंस. जुन्या आवृत्तीला अपडेट येणं कधीच बंद झालं होतं. आणि दुसऱ्या हार्डडिस्कला फॉरमॅट मारला नाहीस, यासाठी तुला शंभर गुण. म्हणजे एक लक्षात घे: काहीही गेलेलं नाही. फोटो, बाबांचे सोसायटीचे हिशोब, आजीची भजनं, सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त कोणतं कुणाचं, याचा घोळ झालाय. तेव्हा घाई नको, आणि मित्राने सांगितलेला तो ७७७ चा (सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकायचा) उपाय तर मुळीच नको. का, ते पुढे येईलच.

(आदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजीत टाक.)

घोळ झाला कसा, ते आधी बघ. डिस्कला तुमची नावं माहीतच नसतात. प्रत्येक फाइलीवर मालकाचा नुसता आकडा लिहिलेला असतो, यूजर आयडी. रूटचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याचा, शून्य असतो आणि उबुंटूत घरातल्या माणसांची खाती १००० पासून सुरू होतात, ज्या क्रमाने बनवली त्या क्रमाने. आकड्याला नाव कोणतं, हे सिस्टिमच्या डिस्कवर ईटीसी फोल्डरमधल्या एका फाइलीत असतं, आणि ती फाइल तू नवीन सिस्टिम टाकलीस तेव्हा नवी झाली. आमच्या लॅबमध्ये मुलं वहीवर नाव न घालता नुसता रोल नंबर घालतात. वर्ष बदललं, रोल नंबर बदलले, की गेल्या वर्षीच्या वह्या भलत्याच पोरांच्या हातात पडतात. तसंच हे.

जुन्या सिस्टिमवर पहिलं खातं बाबांचं होतं, १०००. माझं १००१, तुझं १००२. नवीन टाकताना तू साहजिकच आधी स्वतःचं खातं बनवलंस, म्हणजे १००० तू झालास. मग बाबांचं बनवलंस, ते झाले १००१. माझं अजून बनवलेलंच नाहीस (त्याबद्दल आल्यावर बोलू). परिणाम काय, तर बाबांचे इन्कम टॅक्सचे कागद तुला उघडतात आणि बाबांना उघडत नाहीत. माझ्या फोल्डरात परीक्षेचे पेपर आहेत, ते सध्या बाबांच्या मालकीचे आहेत. आणि तुझा स्वतःचा फोल्डर कुणाचाच नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. डेटाच्या डिस्कवर जा आणि एलएस डॅश एल टाक, फाइलींची तपशीलवार यादी येते. तिसऱ्या रकान्यात मालक, चौथ्यात ग्रुप, म्हणजे एकत्र परवानगी मिळणाऱ्या खात्यांचा गट. तुझ्या फोल्डरपुढे नाव न येता नुसतं १००२ असं दिसेल. आकड्याला नाव सापडलं नाही की एलएस आकडाच छापतं, आणि ही या दुखण्याची अगदी पक्की खूण आहे. मग एलएस डॅश एलएन टाक, म्हणजे सगळीकडेच आकडे दिसतील. त्याच्याशेजारी आयडी हा आदेश टाकून आत्ता कोणाचा आकडा काय ते कागदावर लिहून काढ. कागदावर. डोक्यात नको.

आता दुरुस्ती. हात लावण्याआधी आहे त्या स्थितीची नोंद करून ठेव. गेटएफएसीएल नावाचा आदेश आहे, डॅश कॅपिटल आर (म्हणजे आतल्या सगळ्यासकट) लावून रूटच्या अधिकाराने डेटाच्या फोल्डरवर चालव आणि जे येईल ते एका फाइलीत साठव. त्यात प्रत्येक फाइलीचा मालक, ग्रुप आणि परवानग्या येतात. काही बिघडलं तर सेटएफएसीएल डॅश डॅश रिस्टोअर करून सगळं होतं तसं परत येतं. आदेश सापडत नसेल तर एसीएल नावाचं पॅकेज टाक. लोक ही पायरी गाळतात आणि मग माझ्यासारखीकडे येतात.

नंतर माझं खातं बनव. त्याला आपोआप १००२ मिळेल, आणि लगेच तुझा फोल्डर माझ्या नावावर दिसायला लागेल. घाबरू नकोस, मी काही तुझं वाचत बसणार नाही. मग एकेक फोल्डर घेऊन सुडो (रूटच्या अधिकाराने चालव) सीएच-ओन (मालक बदल) डॅश कॅपिटल आर, पुढे माणसाचं खातं आणि त्याला चिकटून कोलन, मग फोल्डरचा पूर्ण पत्ता. कोलननंतर काही लिहिलं नाहीस तर त्या माणसाचा स्वतःचा ग्रुपही लागतो, म्हणजे दोन्ही कामं एकदमच. बाबांचा फोल्डर बाबांना, माझा मला, तुझा तुला. एक फोल्डर झाला की लगेच त्या माणसाच्या खात्यातून उघडून बघ, मगच पुढचा घे.

हे आकड्यांवरून करायला जाऊ नकोस. सीएच-ओनला फ्रॉम म्हणून एक पर्याय आहे, "ज्या फाइली १००० च्या असतील त्या १००१ ला दे" असं सांगता येतं. दिसतं सोपं, पण आपल्याकडे तीन आकड्यांचं चक्र झालंय. बाबांच्या फाइली १००१ ला दिल्यास की त्या माझ्या जुन्या १००१ मध्ये मिसळल्या, मग पुन्हा वेगळ्या करणं कर्मकठीण. फोल्डर माणसागणिक वेगळे आहेत, तर माणसागणिकच जा.

पत्ता टाकताना स्पेसकडे डोळ्यांत तेल घालून बघ. सुरुवातीच्या स्लॅशनंतर चुकून स्पेस पडली, तर आदेशाला वाटतं की तू सबंध सिस्टिमच दिलीस. आरएम हा फाइली पुसायचा आदेश अशा वेळी निदान नकार देतो. सीएच-ओन देत नाही, मुकाट्याने सगळं तुझ्या नावावर करत सुटतो. मग सुडोची स्वतःची फाइलही रूटची राहत नाही, सुडो चालायला नकार देतं, आणि दुरुस्त करायला सुडो लागतं. त्या अवस्थेला पोचलास तर रिकव्हरी मोडमधून नाहीतर पेन ड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता फोटोंचा फोल्डर. तू म्हणालास, नावं दिसतात पण उघडत एकही नाही, आणि एलएस डॅश एलमध्ये प्रत्येक नावाआधी नुसती प्रश्नचिन्हं. हे मालकीचं नाही रे, हे तुझं कर्तृत्व आहे. कुठूनतरी ६४४ वाचून तू सीएच-मॉड (परवानग्या बदलायचा आदेश) त्या फोल्डरवर सरसकट डॅश कॅपिटल आर लावून चालवलंस ना? फाइलीला ६४४ ठीक असतं. चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे चालवणं, यांची बेरीज. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी जगाचा. पण फोल्डरच्या बाबतीत तो "एक" म्हणजे आत शिरायची मुभा. सहा देऊन ती तू काढून घेतलीस. त्यामुळे नावांची यादी वाचता येते, पण आत जाऊन एका फाइलीलाही हात लावता येत नाही. प्रश्नचिन्हं म्हणजे तेच: नाव कळलं, बाकी काही कळलं नाही.

यावर सीएच-मॉडमध्ये एक सुंदर सोय आहे, कॅपिटल एक्स. लहान एक्स सगळ्यांनाच लागतो, फोटोंनाही, आणि फोटो काही चालवायची गोष्ट नाही. कॅपिटल एक्स फोल्डरांना लागतो आणि फाइलींपैकी ज्यांना आधीपासून होता त्यांनाच. म्हणजे यू (मालक), बरोबरचं चिन्ह, आरडब्ल्यू (वाचणं, लिहिणं) कॅपिटल एक्स, स्वल्पविराम, जी (ग्रुप), बरोबरचं चिन्ह, तेच, स्वल्पविराम, ओ (बाकी जग), बरोबरचं चिन्ह, पुढे काहीच नाही. मध्ये कुठेही स्पेस नको. एका आदेशात काम होतं.

फोटो सगळ्यांचे आहेत, म्हणून तिथे मालक कोण यावर वाद नको. घर नावाचा ग्रुप कर (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत), आपल्या तिघांना त्यात घाल आणि फोल्डरचा ग्रुप तोच ठेव. ग्रुपात घातल्यावर प्रत्येकाने लॉग आउट करून परत आत यायला हवं, नाहीतर बाबा पुन्हा ओरडतील की अजून उघडत नाही. शिवाय त्या फोल्डरला आणि आतल्या सगळ्या फोल्डरांना (फाइलींना नव्हे) जी प्लस एस लाव, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप घरच्या ग्रुपात जाईल. एक खोच मात्र राहते: तुझ्या खासगी फोल्डरातून त्याच डिस्कवर फोटो नुसता हलवलास, तर तो आपला जुना ग्रुप घेऊनच येतो. कॉपी केलास तर नवा घेतो. कुणाचा एखादाच फोटो उघडला नाही, तर आधी हे तपास.

आणि आता ते ७७७. त्याने "प्रॉब्लेम जातो" हे खरं, कारण कुलूपच काढून टाकल्यावर किल्ली हरवल्याची तक्रार कोण करणार. पण फाइल पुसता येते की नाही हे त्या फाइलीच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर लिहिण्याच्या परवानगीवर ठरतं. फोल्डर ७७७ केलास की बाबांच्या हिशोबाच्या फाइली कोणाच्याही खात्यातून पुसता येतील, अगदी फाइल कुलूपबंद असली तरी. तुझी एसएसएचची (दुसऱ्या काँप्युटरवर सुरक्षित शिरायच्या प्रोग्रॅमची) खासगी किल्ली दुसऱ्यांना वाचता येण्याजोगी झाली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देईल, आणि मग कॉलेजच्या सर्व्हरवर तुझा प्रोजेक्ट अडकेल. त्या किल्लीला ६०० हवं, तिच्या फोल्डरला ७००. सबंध सिस्टिमवर ७७७ करणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

पेन ड्राइव्हवर हे काही करत बसू नकोस. त्यावर बहुतेक वेळा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं, फाइली मांडून ठेवायच्या या पद्धतींत मालक साठवायची जागाच नाही. जोडताना सिस्टिम जे ठरवेल तो मालक, सीएच-मॉड कितीही आपटलंस तरी काही बदलत नाही.

अजून एक सवय मोड. टेक्स्ट एडिटर, फाइल मॅनेजर असे खिडकीतले प्रोग्रॅम सुडो लावून उघडू नकोस. जुन्या उबुंटूत (१९.१० च्या आधीच्या) ते सेटिंग तुझ्या होम फोल्डरमध्ये लिहायचे, पण रूटच्या नावाने, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम म्हणायचा, सेटिंग साठवता येत नाही. कधी तर पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिनचा पडदा परत समोर यायचा. तसं झालं तर कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री दाब, काळ्या पडद्यावर लॉगिन कर आणि तुझ्या होम फोल्डरातल्या रूटच्या फाइली शोध. फाइंडला यूझर रूट सांगितलं की यादी येते, लपलेल्या फाइलींसकट. मग त्या परत तुझ्या नावावर घे.

आजीचं खातं वेगळं कर, पण तिला सुडो देऊ नकोस. भजनं ऐकायला सुडो लागत नाही. बाबांना द्यावं का, हे तू त्यांनाच विचार. मी मध्ये पडणार नाही.

उद्या संध्याकाळी सुरुवात करण्याआधी एलएस डॅश एलएनचा फोटो मला पाठव, मी बघून सांगते मगच सीएच-ओन चालव. आणि गेटएफएसीएलची ती फाइल डेटाच्या डिस्कवर ठेवू नकोस, तुझ्या होममध्ये ठेव.

तुझी,
आई