फाईल उतरत नाही, तर दोष आमच्या मोबाईलचा?

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय : मोबाईलवर न उतरणाऱ्या शासकीय फाईली आणि त्यापायी माझ्या मुलीची गेलेली जागा

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातल्या एका वाडीवर राहते. अंगणवाडी सेविका आहे. आपल्या खात्याकडे काही मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आता आली, कारण गेल्या आठवड्यात माझ्या मुलीची सरकारी कॉलेजातली जागा गेली. मार्क तिला भरपूर होते आणि दाखलेही सगळे तयार होते. अलॉटमेंट लेटरची पीडीएफ आमच्या मोबाईलवर वेळेत उतरली नाही, एवढ्यावरून गेली. पोर्टलचं नाव इथं लिहीत नाही, कारण मुलीला पुढच्या राऊंडला त्याच दारातून आत जायचं आहे.

आपल्या माहितीसाठी प्रक्रिया सांगते. यादीत नाव लागलं की लॉगिन करायचं, लेटर डाऊनलोड करायचं, त्याची प्रिंट काढून विद्यार्थ्यानं आणि पालकानं सही करायची, आणि सही केलेला कागद स्कॅन करून संध्याकाळी पाचच्या आत परत अपलोड करायचा. कोथरूडला किंवा ठाण्याला बसलेल्या घराला हे चहा होईपर्यंतचं काम. आमच्याकडे आषाढ चालू होता. कोयना खोऱ्यातला आषाढ आपण पाहिला असेल तर ठाऊक असेल, लाईट गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही, आणि लाईट गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. एरवी घरात एखादी काडी दिसते. पावसात वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर जावं लागतं. आम्ही मायलेकी प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाईल घालून सड्यावर उभ्या होतो. लॉगिनचा ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपायची. दुसरा मागवला की पहिला यायचा. कसंबसं आत शिरलो तर ‘डाऊनलोड’चं बटण दाबून काहीच होत नव्हतं. नुसतं गरगर फिरायचं, मग पांढरं पान.

हेल्पलाईनला फोन लागला तेव्हा पलीकडच्या मुलीनं सांगितलं, “मॅडम, तुमच्या मोबाईलमध्ये प्रॉब्लेम आहे. कॅशे क्लिअर करा, नाहीतर कॉम्प्युटरवर ट्राय करा.” फोन ठेवला. तिच्यावर माझा राग नाही, तिला जेवढं लिहून दिलंय तेवढं ती वाचते. पण हे वाक्य लिहून देणारा माणूस कोण, हे मला जाणून घ्यायचं आहे. आमच्या वाडीत एकाही घरात कॉम्प्युटर नाही. माझ्या मोबाईलवर मी रोज अंगणवाडीची हजेरी भरते, मुलांची वजनं-उंची भरते, पोषण आहाराचे फोटो टाकते. सरकारला माझ्याकडून माहिती हवी असते तेव्हा हा मोबाईल चालतो. माझ्या मुलीला सरकारकडून एक कागद हवा असला की तोच बिघडतो का?

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्यानं आमच्याच लॉगिननं ते पोर्टल तपासलं आणि एकेक कारण मला समजावून सांगितलं. ते मी इथं मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या खात्यातल्या कुणी ते आपल्याला सांगितलेलं दिसत नाही.

पहिली गोष्ट, ते बटण दाबल्यावर फाईल नव्या खिडकीत उघडायची. मोबाईलमधला ब्राऊझर अशा आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवतो आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ दाखवतो. ती ओळ इंग्रजीत. दुसरी गोष्ट याहून वाईट. पोर्टलचा पत्ता सुरक्षित ‘एचटीटीपीएस’चा, पण फाईल ठेवलेली जुन्या, असुरक्षित ‘एचटीटीपी’च्या पत्त्यावर. अशा असुरक्षित फाईली क्रोम हा ब्राऊझर 2020 पासून टप्प्याटप्प्यानं अडवू लागला, आणि ते आधी जाहीर करूनच. म्हणजे पोर्टलवाल्यांना तयारीला वर्षं मिळाली होती. माझ्या मोबाईलनं नियमानं वागून फाईल अडवली, आणि दोष मोबाईलचा ठरला.

तिसरी गोष्ट फाईलच्या वजनाची. एका पानाच्या पत्राची पीडीएफ 12 एमबीची होती. कुणीतरी शिक्क्याचा आणि सहीचा भलामोठा फोटो काढला आणि बारीक न करता तसाच पत्रात चिकटवला. तोच फोटो बारीक करून घातला असता तर पत्र दोनशे केबीतसुद्धा बसलं असतं. पावसात आमच्याकडे 4जी पडून 2जीवर येतं, तेव्हा सेकंदाला शंभर किलोबिट मिळाले तरी नशीब. हिशेब करा, एका बाइटचे आठ बिट, म्हणजे 12 एमबीला सोळा मिनिटं लागतात. आणि आपलं पोर्टल दहा मिनिटांत लॉगआऊट करतं. म्हणजे ज्या दिवशी हे पोर्टल बांधलं, त्या दिवशीच आमच्या खोऱ्यातली मुलं त्यातून बाहेर पडली होती.

आणि अर्ध्यात तुटलं तर पुन्हा शून्यापासून! भाचा म्हणाला, जिथं तुटलं तिथून पुढं फाईल देण्याची सोय इंटरनेटमध्ये 1990 च्या दशकापासून आहे, सर्व्हरवर ती फक्त चालू ठेवावी लागते. ती ठेवलेली नव्हती. भरलेली घागर शेवटच्या पायरीवर सांडायची आणि परत विहिरीच्या तळाशी उतरायचं, असं आम्ही सड्यावर भिजत करत होतो.

शेवटी भाच्यानं पुण्यात कॉम्प्युटरवर लेटर उतरवलं आणि व्हॉट्सॲपवर धाडलं. तो वायफायवर होता, माझ्याकडे यायला वेळ लागला, पण आलं. उघडलं तर मराठी मजकुराच्या जागी कानामात्रा सुटलेली खिचडी, कारण पीडीएफमध्ये फॉन्टच घातला नव्हता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आधीपासून असतो, म्हणून तिथं छान दिसतं. मोबाईलमध्ये नसतो. कुठल्याही यंत्रावर अक्षर तेच राहावं म्हणून जगानं ठरवलेल्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, साहेब. माझी मुलगी जन्मायच्याही आधीपासून.

प्रिंट काढायला वडापची जीप पकडून खाली झेरॉक्सच्या दुकानात गेलो. सह्या केल्या. फोटो काढला तो चार एमबीचा, आणि पोर्टलला हवा दोनशे केबीच्या आत. आपल्याच लेटरचं वजन 12 एमबी, आणि आमच्या कागदानं दोनशे केबीत मावायचं! दुकानदारानं बारीक करून दिला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटो न्यायलाही खटाटोप, केबल लावली तर नुसतं चार्जिंग व्हायचं. पूर्वी आमची पोरं फाईल पाठवायला शेअरइट, झेंडर ही ॲप वापरायची. 29 जून 2020 ला केंद्रानं 59 ॲप बंद केली त्यात ती गेली, कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनरही गेलं. देशाच्या सुरक्षेसाठी केलं असेल, माझी त्यावर तक्रार नाही. पण बंद करताना खेड्यातल्या माणसाला कुणी सांगितलं का, की आता फाईल अशी पाठव, कागद असा स्कॅन कर? एक साधं पत्रक तरी ग्रामपंचायतीत लागलं का?

अपलोड चढत असताना सेशन संपलं, म्हणजे पोर्टलनं आम्हाला परत बाहेर काढलं. पुन्हा ओटीपी. तो आला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि पोर्टलवर लाल अक्षरात मुदत संपल्याचं आलं.

मुलीचे वडील वाशीच्या मार्केटला माथाडी कामगार आहेत. पाटणच्या किती घरांतली माणसं तिथं पाठीवर पोती वाहतात, हे तुम्हाला निवडणुकीच्या वेळी पाठ असतं. त्यांनी फोनवर विचारलं, “मी मंत्रालयात जाऊन कुणाला भेटू का?” काय सांगायचं त्यांना? एक दिवसाची हजेरी बुडवून ते तिथल्या कुठल्या खिडकीपाशी उभे राहतील? मुलगी धड जेवत नाही. “आई, मी अजून थोडा आधी प्रयत्न करायला हवा होता का,” असं मला विचारते. अठरा वर्षांच्या पोरीनं स्वतःला दोष द्यावा असं हे काम आहे. गावातली माणसं येऊन विचारतात, नंबर लागला होता ना, मग काय झालं? पीडीएफ उतरली नाही, हे उत्तर कुणाला पटत नाही. खाजगी कॉलेजची फी आमच्या घराला झेपणारी नाही. मी रात्री झोपत नाही आणि ह्या ओळी लिहितानाही माझा हात थरथरतो आहे.

आता मला सांगा, 1 जुलै 2015 ला डिजिटल इंडिया सुरू झालं, ते कोणासाठी? पंचायतींना फायबरनं जोडायची योजना तर त्याच्याही आधी, 2011 साली मंजूर झाली, नंतर तिचं नाव भारतनेट झालं. 2023 मध्ये तिच्यासाठी आणखी 1 लाख 39 हजार कोटी मंजूर झाले. त्याच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये केंद्रानंच मान्य केलं की देशातल्या 24,680 गावांत 4जी नाही, आणि 26,316 कोटींची योजना काढली. हजारो कोटी, लाखो कोटी! ह्यातला कुठला रुपया आमच्या सड्यावर आला? फायबर आली तरी ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येते. वाडी डोंगरावर राहते. जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट केली. कागदावरचा आकडा वाढवायला टॉवर लागत नाही.

आणि हे खोरं कोणतं? 1960 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प ज्यानं पोटात घेतला ते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली आमच्या माणसांची गावं गेली. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्या म्हाताऱ्यांनी अंगावर घेतला. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि इथल्या टॉवरला रात्रभर पुरेल एवढी बॅटरी बसवून घेणं सरकारला जमत नाही?

तुमच्याकडे नियम नाहीत असंही नाही. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये ती नव्यानं आली, मोबाईलवर नीट चालणं त्यात सांगितलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 ला सांगितलं की डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्या राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, वेळेत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दंड आहे. पण दंड माणसाला. सर्व्हरनं सेवा दिली नाही तर अपील कुणाकडे करायचं? टेबलामागच्या माणसाशी निदान भांडता येत होतं. त्याला उठवून तिथं पोर्टल बसवलं, आणि पोर्टलची जबाबदारी कंत्राटदाराची, कंत्राटदाराची जबाबदारी कुणाचीच नाही. 2021 साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. मोबाईल निकृष्ट, ॲप इंग्रजी, ही तक्रार होती. तेव्हाही दोष आम्हालाच दिला, बायकांना जमत नाही म्हणून. आम्हाला जमतं. तुम्ही बांधलेलं चालत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये इथून जवळच, कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पोरांना घराघरांतून शोधून आणून त्यांनी वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. त्याच सातारा जिल्ह्यात आज नंबर लागलेली मुलगी एका पानाच्या कागदासाठी बाहेर राहते.

माझं मागणं फार मोठं नाही. ॲलॉटमेंटचं पत्र हलकं करा आणि त्याची थेट लिंक एसएमएसनं द्या. डाऊनलोड तुटलं तर पुढून सुरू होऊ द्या, अपलोड चालू असताना सेशन तोडू नका. लाईट आणि नेट बंद असलेल्या तालुक्यांत मुदत आपोआप वाढवा आणि तहसील कार्यालयात हातानं कागद घ्यायची सोय ठेवा. कुठलंही पोर्टल चालू करण्याआधी त्याच्या कंत्राटदाराला स्वस्तातला मोबाईल हातात देऊन जुलै महिन्यात कोयना खोऱ्यात पाठवा, तिथून त्याचा स्वतःचा अर्ज भरून निघाला तरच बिल द्या.

आणि माझ्या मुलीबद्दल. कोणत्या लॉगिननं किती वाजता फाईल मागितली, किती बाइट गेले आणि कुठं तुटलं, हे सर्व्हरच्या नोंदींत असतं, असं भाच्यानं सांगितलं. त्या दिवसाच्या नोंदी काढायला सांगा. तिचा अर्ज क्रमांक आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट स्पीड पोस्टानं आपल्या कार्यालयाला धाडल्या आहेत. आम्ही पाचच्या आधीपासून आत यायचा प्रयत्न करत होतो, हे तुमच्याच मशीननं लिहून ठेवलेलं असेल. ते वाचा आणि तिची जागा तिला परत द्या. पुढचा राऊंड लागायच्या आत लेखी उत्तर हवं आहे, आणि ते कागदावर, टपालानं पाठवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. पाटण, जि. सातारा